मराठी साहित्यातलं प्रेम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गावच्या वाचनालयात महिन्यातून एकदा मी मराठी प्रेमकविता आणि कादंबऱ्यांवर बोलते. बोलणं संपलं की दारापाशी ठेवलेल्या डब्यात लोक चिठ्ठ्या टाकतात. तेच ते प्रश्न इतक्या वेळा आले की उत्तरं एकदा नीट लिहून काढावीत असं वाटलं. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

१. मराठीतली सगळ्यात जुनी प्रेमकविता कुठली?

काटेकोर मराठी म्हणाल तर तेराव्या शतकापाशी थांबावं लागतं (प्रश्न ५ पाहा). पण मराठीची आजी म्हणजे माहाराष्ट्री प्राकृत, आणि त्या भाषेत हाल सातवाहनाच्या नावावर असलेला 'गाथासप्तशती' हा सातशे गाथांचा संग्रह आहे. गाथा दोन ओळींची. त्यात गोदावरी आहे, कापसाची शेतं आहेत, पाटलाची पोर आहे, वाटसरू आहेत. राजवाडा जवळजवळ नाहीच.

एक गाथा सांगते, मग हा संग्रह काय आहे ते कळेल. पाणपोईवर एक बाई वाटसरूला पाणी घालते आहे. तो ओंजळीने पितोय, पण डोळे वर, तिच्या तोंडाकडे. बोटं त्याने सैल सोडली आहेत, म्हणजे पाणी गळून जाईल आणि पिणं लवकर संपणार नाही. तिने ते पाहिलं आहे. तो जसजशी बोटं फाकवतो तसतशी ती आधीच बारीक असलेली धार आणखी बारीक करत जाते. गाथा इथे संपते. दोघांत एक अक्षर बोलणं झालेलं नाही, आणि तरी दोघांनी एकमेकांना सगळं सांगितलं आहे. मी ही गाथा पहिल्यांदा वाचली त्या दिवशी दुसरं काही वाचू शकले नव्हते.

दुसरी गाथा त्याहून धीट. घरी उतरलेल्या वाटसरूला सून बजावते, की सासूबाई इथे झोपतात, मी इथे, दिवसाउजेडी नीट बघून ठेव, रातांधळा आहेस, रात्री आमच्या अंथरुणावर येऊन पडशील. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' या काव्यशास्त्रावरच्या ग्रंथात हीच गाथा उदाहरणाला घेतली, कारण इथे शब्द 'येऊ नको' म्हणतात आणि अर्थ 'ये' असा निघतो. मूळ प्राकृतात सासूला 'अत्ता' म्हटलं आहे. आपली 'आत्या' त्याच शब्दाच्या घरातली.

मराठीतून वाचायचं असेल तर स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली सिद्ध केलेली आवृत्ती शोधा. जाड आहे, घाबरू नका. मधलं कुठलंही पान उघडून सुरुवात करता येते.

२. शृंगार, प्रणय, प्रीती, प्रेम हे सगळं एकच ना?

नाही, आणि कवी यातला कुठला शब्द उचलतो यावरून त्याचा काळ बऱ्याचदा ओळखता येतो. शृंगार हा शास्त्रातला शब्द. त्याचे भेट आणि ताटातूट असे दोन भाग, संभोग आणि विप्रलंभ. त्यात शरीराची लाज नाही. प्रीती नाटकांनी आणि भावगीतांनी लाडकी केली. प्रणय म्हटलं की १९२० ते १९४० ची कादंबरी डोळ्यांसमोर येते. प्रेम हा सगळ्यात ऐसपैस शब्द, तो आईवरही असतो आणि विठ्ठलावरही. घरात मात्र माणसं यातलं काहीच म्हणत नाहीत. 'तिचा जीव आहे त्याच्यावर' असं म्हणतात. मला विचाराल तर या सगळ्यांत हाच शब्दप्रयोग खरा.

३. लावणीतलं प्रेम शरीराचं आणि नाट्यगीतातलं मनाचं, असं म्हणता येईल का?

असं शाळेत शिकवतात, पण वाचताना ते टिकत नाही. सोलापूरच्या राम जोशींची किंवा होनाजीची लावणी घ्या. देहाचं वर्णन आहे, पण त्याच्या आत वाट पाहणं आहे, रुसणं आहे, परदेशी गेलेल्या धन्यासाठी झुरणं आहे. आणि ज्या होनाजीच्या नावावर शृंगाराच्या लावण्या आहेत त्याच होनाजीची 'घनश्याम सुंदरा' ही भूपाळी आपण पहाटे ऐकतो.

खरा फरक दुसरीकडे आहे. लावणीतली 'मी' बाई असते, पण लिहिणारा शाहीर पुरुष. होनाजीच्या फडात तर गाणारा बाळाही पुरुषच. १८८२ साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत सौभद्र' रंगभूमीवर आलं तेव्हा सुभद्रेची तळमळ भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्यातून ऐकू आली. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षं मराठी माणूस बाईचं प्रेम ऐकत होता ते पुरुषाच्या तोंडून. म्हणून मी प्रत्येकाला सांगते, प्रेमाचं चित्र कसं आहे हे बघण्याआधी ते कुणी सांगितलंय ते बघा. पुढच्या बऱ्याच उत्तरांत मी याच मुद्द्यावर परत येणार आहे.

'सौभद्रा'च्या शेजारी गोविंद बल्लाळ देवलांचं १८९९ चं 'शारदा' ठेवून वाचा. सुभद्रेचं मन अर्जुनावर जडलेलं आहे, अडथळा फक्त बलरामदादाचा, आणि मदतीला कृष्ण आहे. शारदेचं मन कुणावर जडायला अवकाशच मिळालेला नाही. बाप कांचनभट पैशांसाठी तिला म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघाला आहे. एका नाटकात प्रेम जिंकतं. दुसऱ्यात प्रेम करायला लागणारं वय आणि मोकळीकच मुलीला नाही, हेच दुःख आहे.

४. जात्यावरच्या ओव्या तर बायकांनीच रचल्या. मग त्यांत नवऱ्यावरचं प्रेम इतकं कमी का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण तो विचारणाऱ्याने ओव्या खरंच वाचलेल्या असतात. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत आई आहे, लेक आहे, विठ्ठल आहे, आणि भाऊ तर पानोपानी आहे. नवऱ्याला 'कंथ', 'भरतार', 'चुडा' म्हणतात आणि पुष्कळदा कुंकवापाशी थांबतात.

याचं एक कारण जात्याच्या जागेत आहे. पहाटे दळताना दुसऱ्या खुंट्याला जाऊ असते, पलीकडे सासू जागी असते. तिथे नवऱ्याबद्दल मनातलं बोलायची सोय नव्हती. माहेरचं बोलता येत होतं, भावाचं कौतुक करता येत होतं. दुसरं कारण असं की तिच्या आयुष्यात ओढ लागावी असा माणूस खरोखर भाऊच होता. तो सणाला न्यायला यायचा.

तरीही नवऱ्याला जागा होती, ती उखाण्यात. एरवी ज्याचं नाव घ्यायचं नाही त्याचं नाव चारचौघांत, ठेक्यात घ्यायची ती एकच संधी. माझ्या नात्यातल्या एका लग्नात ऐंशी पार केलेल्या काकूंना नाव घ्यायचा आग्रह झाला. काका जाऊन बारा वर्षं झाली होती. 'आता माझं कसलं नाव' म्हणत त्यांनी पदर सारखा केला, आणि मग खाली बघून, अगदी हळू, त्यांचं नाव घेतलं. उखाण्याची पहिली ओळ त्या विसरल्या होत्या. नुसतं नावच आलं. मांडवात कुणी हसलं नाही.

५. रुक्मिणीस्वयंवर इतक्या जणांनी का लिहिलं? गोष्ट तर एकच आहे.

कारण आपल्या परंपरेत मुलीने स्वतः पत्र लिहून 'मला येऊन घेऊन जा' असं सांगितल्याची ही मान्यता पावलेली गोष्ट आहे. भागवतात दहाव्या स्कंधात ते पत्र आहे. भाऊ रुक्मी तिला शिशुपालाला द्यायला निघालेला, आणि ती ब्राह्मणाकरवी कृष्णाला निरोप धाडते.

गोष्ट एक, पण प्रत्येकाचं प्रेम वेगळं. महानुभाव पंथातल्या महदंबेने रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या लीळेच्या निमित्ताने 'धवळे' रचले. ही लग्नात म्हणायची गाणी. तिच्या रचनेत लगबग आहे, घरचं कार्य असल्यासारखी. नरेंद्राचं 'रुक्मिणीस्वयंवर' तेराव्या शतकाच्या शेवटचं. त्यातली रुक्मिणी विरहाने पोळलेली आहे, चंद्र आणि चंदनसुद्धा तिला सोसवत नाहीत. यादवांच्या रामदेवरायाने हा ग्रंथ आपल्या नावावर करून मागितला आणि ओवीमागे सोन्याचं नाणं देऊ केलं, पण आपल्या कविकुळाला बोल लागेल म्हणून नरेंद्राने नकार दिला, अशी आठवण महानुभावांनी जपली आहे. एकनाथांनी १५७१ मध्ये काशीत हीच कथा लिहिली आणि तिला जीव-शिवाच्या ऐक्याचा अर्थ दिला. तरी नाथ संसारी माणूस, त्यामुळे लग्नाच्या पंगती, मानपान, रुसवेफुगवे त्यांनी मन लावून रंगवले.

नाथांच्या पोथीचं पारायण आजही लग्न जुळावं म्हणून मुलींकडून करवून घेतात. स्वतः वर निवडून पळून जाणाऱ्या मुलीची ही पोथी आहे. पारायण सांगणाऱ्या आयांनी ते पत्र एकदा मुलीसोबत बसून वाचावं असं मला मनापासून वाटतं.

६. ज्ञानेश्वरांच्या विरहिणी प्रेमकविता म्हणून वाचल्या तर चालेल का?

चालेल, पण अर्धवट वाचू नका. विरहिणी म्हणजे ताटातुटीने झुरणाऱ्या बाईच्या तोंडचे अभंग. 'घनु वाजे घुणघुणा' मध्ये वारा रुणझुणतो, चंदनाची चोळी अंग पोळते. ही सगळी सामग्री प्रश्न १ मधल्या गाथेपासून चालत आलेली आहे. फरक इतकाच की इथे येणारा 'कान्हा' आहे. भक्तीने प्रेमकवितेची भांडी उसनी घेतली आणि परत केली तेव्हा ती घासूनपुसून लख्ख झालेली होती. ज्याला कान्हा दिसतो त्याला कान्हा दिसू दे, ज्याला आपलं माणूस आठवतं त्याला ते आठवू दे. इथे मात्र प्रश्न ३ मधला माझा मुद्दा उलटतो. पुरुषाने बाईचा आवाज घेतला तो बाईची ओढ दाखवून ऐकणाऱ्यांना रिझवायला नाही. स्वतःचं आर्त सांगायला पुरुषाची भाषा पुरेना म्हणून घेतला. म्हणून 'पुरुषाने लिहिलं म्हणजे खोटं' असा सरसकट निकाल देऊ नका.

७. रविकिरण मंडळाच्या कवींची इतकी थट्टा का झाली? त्यांच्या कविता खरंच वाईट होत्या का?

वाईट नव्हत्या. १९२३ साली पुण्यात हे मंडळ जमलं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, आणि श्री. बा. रानडे व मनोरमाबाई हे जोडपं. त्याआधी गडकऱ्यांनी गोविंदाग्रज नावाने प्रेमावर जीव ओवाळून टाकणारी कविता लिहिली होती. तिथलं झाड विजेवर प्रेम करतं आणि एका क्षणासाठी जळून जायला तयार होतं. मंडळाच्या कवींनी त्या विजेला खाली आणून कॉलेजातल्या, ओळखीच्या मुलीचा चेहरा दिला. माधव जूलियनांच्या 'विरहतरंग'मध्ये (१९२६) शिकलेली तरुण माणसं आहेत, त्यांच्या आड येणारा समाज आहे. फारसीतून गज्जल मराठीत रुजवण्याचं मोठं श्रेयही त्यांचंच.

थट्टा झाली ती त्या हळव्या लकबींची. आचार्य अत्र्यांच्या 'झेंडूच्या फुलां'नी (१९२५) ती इतकी चपखल केली की पुढच्या पिढ्यांनी विडंबन पाठ केलं आणि मूळ कविता वाचायची राहिली. हे मला लागतं. तरुण मुलामुलींनी एकमेकांशी बरोबरीने बोलावं, ही साधी गोष्ट मराठी कवितेत आणायला या लोकांना धाडस करावं लागलं होतं.

८. फडके की खांडेकर?

ना. सी. फडक्यांचं प्रेम देखणं आहे. पहिली नजर, गैरसमज, ताटातूट, भेट, आणि प्रत्येक पायरी बेतलेली. वि. स. खांडेकरांच्या नायकाला प्रेम करताना देशाचीही काळजी असते, गरिबाचीही. त्यामुळे त्याचं प्रेम पुष्कळदा त्यागात संपतं. 'कलेसाठी कला' आणि 'जीवनासाठी कला' हा वाद त्यातूनच पेटला.

मी दोघांकडेही आता कमी जाते. अपवाद 'ययाति'चा (१९५९). तिथे ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापल्या तोंडून बोलतात, त्यामुळे एकाच संसाराच्या तीन हकिकती तयार होतात आणि कुणा एकावर पूर्ण विश्वास टाकता येत नाही. भोगाबद्दलची कादंबरी म्हणून ती गाजली, ज्ञानपीठही मिळालं. मला मात्र ती शर्मिष्ठेसाठी पुन्हा उघडावीशी वाटते. राजकन्या होती ती दासी झाली, आणि तिच्याइतकं न मागता प्रेम करणारं त्या पुस्तकात दुसरं कुणी नाही.

९. एकाच काळात लिहिलेली, पण प्रेमाची अगदी उलट चित्रं दाखवणारी दोन पुस्तकं सांगा.

विभावरी शिरूरकरांचं 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) आणि विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' (१९३९). मुद्दाम ही जोडी सांगते, कारण विभावरी शिरूरकर म्हणजे बाळूताई खरे, आणि १९३८ साली त्यांनी विश्राम बेडेकरांशी लग्न केलं. त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. ही दोन पुस्तकं एका घरातली आहेत.

'कळ्यांचे निःश्वास'मधल्या मुली शिकल्या, मास्तरणी झाल्या, पगार आणू लागल्या. मग त्या पगारावर घर चालायला लागलं आणि त्यांचं लग्न हा विषय हळूहळू मागे पडला. प्रेम त्यांच्या आयुष्यात येत नाही, आलं तर चोरून आणि अर्ध्यावर. त्या मुलींना शरीर आहे, त्यांना एकटेपणा झोपू देत नाही, हे पुस्तकाने साध्या शब्दांत लिहिलं आणि महाराष्ट्र हादरला. लेखिकेच्या टोपणनावामागे कोण, याची शोधाशोध झाली. पुढच्याच वर्षीची 'हिंदोळ्यावर' लग्नाबाहेरच्या प्रेमापर्यंत गेली.

'रणांगण' एका बोटीवर घडतं. महायुद्ध तोंडावर आलेलं, युरोपातून पूर्वेकडे निघालेल्या बोटीवर जर्मनीतून हाकललेले ज्यू. त्यांत हॅर्टा. तिच्याशी ओळख होते ती चक्रधर विध्वंस या मराठी तरुणाची. प्रेमात आधी पोळलेला, आता कुणात गुंतायचं नाही असं ठरवलेला. दिवस मोजके, कारण मुंबईला तो उतरणार आणि हॅर्टाला तिथे उतरता येणार नाही. शेवट इथे सांगत नाही, तुमचा वाचायचा हक्क काढून घ्यायचा नाही.

'कळ्यां'ना वेळच वेळ आहे. वर्षं जातात, काही घडत नाही, आणि दार घरच्यांनी लावलेलं आहे. हॅर्टाकडे दिवस आहेत फक्त, आणि दार जगाने लावलेलं आहे. पण 'रणांगण'मध्ये सांगणारा चक्रधर आहे, म्हणजे मागे राहिलेला, सुखरूप उतरलेला पुरुष. त्याला स्वतःबद्दल काय वाटतं ते पानापानावर नीट बघा. मराठीत पुरुषाने प्रेमातल्या आपल्या भेकडपणाकडे इतक्या उघड्या डोळ्यांनी क्वचितच पाहिलं आहे.

१०. सगळं लग्नापर्यंतचंच आहे. लग्नानंतरचं प्रेम मराठीत कुणी लिहिलं?

बायकांनी लिहिलं. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (१९३४ ते १९३६) आत्मचरित्र म्हणून कपाटात जातात, मी ती प्रेमकथा म्हणून देते. रेव्हरंड टिळक तापट, देवमाणूस, घरातलं उचलून कुणाला देतील याचा नेम नाही. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि नवरा-बायकोची ताटातूट झाली. काही वर्षांनी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे गेल्या ते सोवळ्याओवळ्यासकट, स्वयंपाक वेगळा ठेवून, आणि मग स्वतःच्या विचाराने एकेक बंधन सोडत. भांडणं इतकी आहेत की पान उलटताना हसू येतं. पण हा माणूस आपला आहे, ही खात्री एकदाही हलत नाही.

दुसऱ्या इंदिरा संत. पती ना. मा. संत १९४६ मध्ये गेले. 'शेला', 'मेंदी', 'मृगजळ', 'रंगबावरी' या संग्रहांतला 'तू' बराचसा त्या नसलेल्या माणसासाठी आहे. बेळगावच्या घरातला पाऊस, दार, दिवा असल्या चार वस्तूंवर त्यांनी आयुष्यभराची ओढ उभी केली. गाथेतल्या विरहिणीचा माणूस परतायचा. इथे परतणार नाही हे माहीत आहे आणि तरी कान दाराकडे आहेत.

११. 'माझी मैना गावावर राहिली' हे प्रेमगीत की चळवळीचं गाणं?

दोन्ही, आणि एकातून दुसरं वेगळं काढता येत नाही. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठेंनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ही छक्कड, म्हणजे लावणीच्या ढंगाचं गाणं, रचली. सुरुवातीला पोटासाठी मुंबईला आलेला गडी गावाकडे राहिलेल्या बायकोचं रूप आठवतो, निघताना तिची समजूत कशी काढली ते सांगतो. पुढे मुंबईची गरिबी येते, आणि मग मैनेची ताटातूट ही बेळगाव, कारवार, निपाणीची ताटातूट होते. गिरणीत राबणाऱ्या हजारो जणांची बायको खरंच गावाला होती. त्यांना प्रतीक समजावून सांगावं लागलं नाही.

१२. दोन पुरुषांचं किंवा दोन स्त्रियांचं प्रेम मराठीत आहे का?

आहे. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' (१९८१) हे नाटक मित्रा नावाच्या एका कॉलेजकन्यकेचं आहे, जिचं मन मुलीवर बसलं आहे. सांगतो मात्र तिचा मित्र बापू, त्यामुळे मित्रा आपल्याला त्याच्या करुणेतून आणि त्याच्या न कळण्यातून दिसते. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'मध्ये (२००६) घरी पेइंग गेस्ट म्हणून आलेल्या एकाच तरुणावर भाऊ आणि बहीण दोघांचं प्रेम बसतं. आधी भाऊ सांगतो, मग बहीण. पंचवीस वर्षांत फरक पडला तो हा, की प्रेम करणारा स्वतः बोलू लागला.

१३. माझी मुलगी परदेशात वाढली, मराठी जेमतेम वाचते. तिला पहिलं काय देऊ?

पु. शि. रेग्यांची 'सावित्री' (१९६२). छोटी आहे, सगळी पत्रं आहेत, आणि पत्रं फक्त सावित्रीची. ज्याला ती लिहिते त्याची उत्तरं पुस्तकात नाहीत, ती आपण तिच्या पुढच्या पत्रावरून ओळखायची. वाक्यं आखूड आणि स्वच्छ, शब्द अडले तरी गोष्ट अडत नाही. रेगेही पुरुषच, पण प्रश्न ६ मध्ये म्हटलं तसा हाही अपवाद.

त्यात लच्छीची गोष्ट येते, मोर हवा म्हणणाऱ्या मुलीची. तिथपर्यंत तिला स्वतः वाचू द्या. अडली तर अर्थ सांगा, पण ते पान तिला मोठ्याने वाचायला लावा आणि तुम्ही ऐका.